म्हणे अनुसया

हे प्रकरण मी आजवर चार वेळा सुरू केलं आणि चारही वेळा भलत्याच गोष्टीवर लिहून मोकळा झालो. एकदा पेटीच्या भात्यावर लिहिलं, एकदा आमच्या बोडीतल्या, म्हणजे शेततळ्यातल्या, माशांवर, एकदा तर बाजारातल्या सुक्या झिंग्यांवर दोन पानं भरली. लोकांना ती आवडलीही. जे लिहायला बसलो होतो ते राहिलं, आणि मी ते मुद्दाम राहू दिलं. आता राहू देणार नाही. मुलगा म्हणतो, "बाबा, या वयात काऊन आपलीच बदनामी करून राह्यले? आता कोणाले काय फरक पडते?" भजनी मंडळातले म्हणतात, घरातली गोष्ट आहे, घरात राहू द्या. पण मी ती भोंग्यावरून दोन जिल्ह्यांना ऐकवली आहे. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांनी आता हेही ऐकावं. कुणाला आवडो न आवडो.

आधी गाऊन सांगण्याचा प्रयत्न केला होता. मागच्या हिवाळ्यात मूलला माझा सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. कुणाच्या दारात न जाता स्वतःच्या बळावर उभा राहिलेला कलावंत, असं माझं वर्णन झालं. त्यातलं अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्याचा मला अभिमान आहे. मग नेहमीप्रमाणे लोकांनी रोवण्याचं, म्हणजे धानाच्या लावणीचं, गाणं मागितलं. आमच्याकडे गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. भजनात, जयंतीच्या गाण्यात, बायांच्या रोवण्याच्या गाण्यातही. त्याला आम्ही नावाचं कडवं म्हणतो, आणि ते ऐकल्याशिवाय ऐकणारा उठत नाही. सत्काराच्या मांडवात मी त्या कडव्यापाशी आलो आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा ते जसं होतं तसं म्हणालो: म्हणे अनुसया. सूत्रसंचालक पोरगा धावत आला आणि माइकवर हात ठेवून माझ्या कानात म्हणाला, "मनोहर, काका! म्हणे मनोहर!" मी पुन्हा अनुसयाच म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या, प्रेमानं, कीव येऊन. पोरानं माइकवर सांगितलं, "काकांचं वय झालं, पण आवाज पाहा!" मी ओरडून सांगत होतो की मी काही विसरलो नाही, तोवर त्यांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं होतं. म्हणून लिहितो आहे. लिहिलेल्याच्या कानात कुणी दुरुस्ती सांगू शकत नाही.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या अलीकडे, रस्त्यापासून बरंच आत, सागाच्या जंगलाला लागून. घरात चार माणसं. माय, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा दादा, वहिनी आणि मी. पुढं दादाची पोरगी सुनंदा झाली. बाबा मी लहान असतानाच गेले, त्यामुळे मला दादानंच वाढवलं. तो बांबूच्या डेपोवर मुकादम होता. दिवसभर मजुरांवर ओरडून ओरडून त्याचा साधा आवाजही ओरडल्यासारखा यायचा. मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. माय त्याच्या उलट, तिचं बोलणं चुलीच्या फुंकणीइतकंच. आणि या दोघांच्या मधे वहिनी. ती चामोर्शीकडची, चौथी शिकलेली, उंच, काळीसावळी. तिच्या हातचं लाखोळीचं वरण आणि तरोट्याची भाजी मी आजही कुणाच्या घरी शोधतो. जंगलातून कोवळे वास्ते आले की ती ते बारीक चिरून दोन दिवस आंबवायची. बांबूच्या त्या कोंबांच्या आंबूस वासानं घर भरायचं आणि दादा म्हणायचा, "डेपोत बांबू, घरात बांबू, मले एक दिवस बांबूवरच नेजा." वहिनी वरण वाढता वाढता म्हणायची, "मंग काय सागावर न्यायचं? तो सरकारचा हाय."

पेटी विहारातल्या भजनी मंडळाची होती. विहाराचं छप्पर गळत होतं आणि आमची छपरी गळत नव्हती, एवढ्याच कारणानं ती आमच्या घरी मुक्कामाला आली. तिची एक पट्टी दाबली की वर यायची नाही, बोटानं उचलावी लागायची. त्या पेटीवर मी शिकलो. शिकलो म्हणजे वहिनी चुलीपुढं बसून गुणगुणायची आणि मी छपरीत बसून तिचा सूर शोधायचो. तिच्या ओळी धुरासोबतच बाहेर यायच्या. मधेच ती फोडणीचा हात थांबवून म्हणायची, "भाऊजी, हे जरा वर न्या. इथं गळा भरून यायले पाह्यजे." मी वर न्यायचो आणि खरोखर तिथं गळा भरून यायचा. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे: शब्द तिचे होते आणि चालही तिची होती. मी पेटी वाजवत होतो. चांगली वाजवत होतो, ते मी कमी करून सांगणार नाही. पण वाजवतच होतो.

रोवण्याच्या दिवसांत ती बायांच्या रांगेत मधोमध असायची. वाकलेल्या पंधरा-वीस पाठी, गुडघाभर चिखल, हातात धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं. ती एक ओळ टाकायची, रांग ती झेलायची आणि एक पाऊल मागे सरकायची. सुनंदा तान्ही होती त्या वर्षी तिनं ते गाणं केलं. पोर धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, झाडाखाली निजलेलं, आई धानाच्या बांधीत, खाचरात, वाकलेली. त्यातलं हे कडवं:

लेकरू निजलं धुऱ्याच्या काठी,
पान्हा गं माझा बांधीत गळे.
पऱ्ह्याच्या मुळाशी जाई ते दूध,
धानाले त्याचं काय कळे.

आणि शेवटी:

म्हणे अनुसया, जेवणाऱ्या बापा,
भाताले गोडी आली कुठून?

मी एकदा तिला विचारलं होतं, "वहिनी, गाणं तं सगळ्या बाया म्हणतात. मंग नाव काऊन टाकता?" ती पऱ्ह्याच्या जुड्या बांधत होती. वर न बघता म्हणाली, "मंग? राशनकार्डात तुमच्या दादाचं नाव. सातबाऱ्यात दादाचं नाव. शाळेच्या दाखल्यात माह्या बापाचं. माह्यं नाव कुठी हाय, भाऊजी? गाण्यातच हाय ना." तेव्हा मी हसलो होतो. मला ते विनोदासारखं वाटलं.

मी बारावीला बसलो आणि नापास झालो. दादानं लगेच डेपोवर माझ्यासाठी मोजणीदाराची जागा बोलून ठेवली. सकाळी पेज पिता पिता त्यानं ते जाहीर केलं. मी म्हणालो, नाही करणार.

"काऊन नाई करणार?"

"मले पेटी वाजवायची हाय. गाणे गायचे हायेत."

"पेटी वाजवून पोट भरते काय बे?"

"भरते का नाई ते पाहून घेतो मी."

"माह्या साहेबाच्या पाया पडून जागा ठेवली मी! त्याच्या हाताखाली बसाले काय होते तुले?"

"मी कोणाच्या हाताखाली नाई करत."

"मंग कोणाच्या हाताखाली करतो? आभाळाच्या?" दादानं वाटी आपटली. "चालला मोठा! बेसूर लेकाचा! डेपोतला कुत्रा तुयापेक्षा सुरात भुकते!"

आतून वहिनीचा आवाज आला, "अवो, करू द्या ना त्याहिले. नाई जमलं तं येतीन परत. घर कुठी पळून चाललं?"

दादा डेपोवर गेला तो दोन महिने माझ्याशी बोलला नाही. त्याच दोन महिन्यांत वडशाचा एक नाटक कंपनीवाला मोटारसायकलवर आमच्या घरी आला. आमच्या भागात धान कापून झाला की गावोगावी नाटकं होतात, आणि त्यांच्या कंपन्या वडशाला. त्याला माझ्या पेटीबद्दल कुणी सांगितलं होतं. खर्रा तोंडात धरून तो म्हणाला, "हंगामभर ऑर्गनवर बस. जेवणखाण कंपनीचं." मी विचारलं, गाणी कुणाची? "लेखकाची. तुले काय करायचं? तू वाजव." माझं नाव? "पोस्टरवर टाकू ना बे. खाली. ऑर्गनवर अमुक अमुक." मी म्हणालो, मला खाली नको. मी स्वतःची गाणी करतो आणि स्वतःच्या नावानं गातो. तो खर्रा थुंकून गाडीवर बसला. "चाल मंग. दोन वर्षांनी तूच येशीन."

मी गेलो नाही. दोन वर्षांनी नाही आणि चाळीस वर्षांनीही नाही. त्या दोन नकारांचा मला आज जराही पश्चात्ताप नाही. ज्यांनी तेव्हा मला आगाऊ म्हटलं, त्यांच्यासमोर आजही मी तेच उत्तर देईन. पश्चात्तापाची जागा वेगळी आहे, आणि ती या नकारांच्या इतक्या जवळ आहे की लोक दोन्ही एकच समजतात. मीही बरीच वर्षं समजत होतो.

तेव्हा कॅसेटचे दिवस होते. नागपुरात एक स्टुडिओ होता, तिथं आपली गाणी आपल्यालाच जाऊन टेपवर भरता यायची. मी आणि माझा मित्र रामदास, जो ढोलकी वाजवायचा, असे दोघं निघालो. घेऊन काय जाणार? माझी स्वतःची म्हणावीत अशी चार गाणी होती आणि त्यातली तीन वाईट होती. आदल्या दिवशी वहिनीनं जवसाच्या चटणीचा डबा भरता भरता स्वतःहून सांगितलं, "माह्ये गाणे न्या ना, भाऊजी. तुमचे अन् माह्ये काय वेगळे हायेत? रेडिओसारखे गावोगाव जातीन." मग डब्याचं झाकण दाबत म्हणाली, "फकत शेवटचं कडवं सोडू नोका." मी म्हणालो, "सोडीन काय, वहिनी!" माझ्या तोंडचं हे वाक्य मला शब्दशः आठवतं.

स्टुडिओ एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. भिंतींना गाद्या लावलेल्या, आणि आवाज येतो म्हणून पंखा बंद. मालक काचेपलीकडे बसायचा. बनियनवर, खांद्याला टॉवेल. रोवण्याचं गाणं त्याला पहिल्याच वेळी आवडलं. पान्ह्याच्या कडव्याला त्यानं मान हलवली. मग शेवटचं कडवं आलं आणि त्यानं हात वर केला.

"अरे भाई, ही अनुसया कोण? तुझी बायको?"

"वहिनी हाय."

"गाणं तिचं?"

मी पेटीचा भाता मिटला. तो दारातून डोकावत म्हणाला, "हे बघ, मला काही नाही. पण कव्हरवर फोटो तुझा, आवाज तुझा, आणि गाण्यात नाव बाईचं. लोक विचारतील. सरळ कर ना. कव्हरवर खाली टाकू, गीत अनुसयाबाई. किंवा तिलाच घेऊन ये, दोघं गा. मस्त वाटेल."

हा माणूस चांगला होता हे मला लिहून ठेवायचं आहे, कारण मी नंतर अनेक ठिकाणी सांगितलं की स्टुडिओवाल्यानं मला नाव बदलायला लावलं. त्यानं लावलं नाही. त्यानं मला दोन सरळ रस्ते दाखवले. त्या बंद पंख्याखाली मला मात्र एकच दिसत होतं, तो वडशाचा खर्रावाला हसतो आहे. म्हणतो आहे, दुसऱ्याचीच गाणी वाजवायची होती तर माझ्याकडं काय वाईट होतं? खाली नाव नको म्हणून मी कंपनी नाकारली, डेपो नाकारला, दादाशी अबोला घेतला. आणि आता माझ्याच कॅसेटवर मी पेटीवाला?

मला शब्द शोधावाही लागला नाही. अनुसया पाच मात्रांची, मनोहर पाच मात्रांचा. तिच्या जागेवर मी असा बसलो की चालीला कळलंही नाही. मी मालकाला म्हणालो, "गाणं माह्यंच हाय. ते नाव असंच टाकलं होतं. आता बरोबर म्हणतो."

रामदास माझ्याकडं बघत राहिला. "मन्या, वहिनीचं नाव?"

"तू ढोलकी वाजव."

त्यानं वाजवली, आणि त्या ओळीवर तीनदा चुकला. ज्या माणसाचा ठेका बैलगाडीत बसूनही चुकत नसे, तो त्या ओळीवर तीनदा चुकला आणि तीनदा आम्हाला शेवटचं कडवं परत भरावं लागलं. म्हणजे मी ते एकदा नाही केलं. चारदा केलं. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला नाही.

कव्हरवर छापून आलं: गीत, संगीत, गायन, मनोहर. मी घरी एकही कॅसेट नेली नाही. अजून आल्या नाहीत असं सांगून सायकल घेऊन बाहेर पडलो. कॅरेजला बॅटरी, टेप, आणि बांबूला बांधलेला भोंगा. आज बाजार इथं, उद्या तिथं. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी, नदी ओलांडून पलीकडं, पुढं तर हेमलकशाच्या वाटेवरच्या गावांपर्यंत, जिथं माणसांना माझी मराठी अर्धीच कळायची पण गाणं संपेपर्यंत ती उभी राहायची. कुठल्या तरी झाडाखाली सायकल लावायची, कळ दाबायची, आणि पाचव्या मिनिटाला भोवती माणसं. मी सुखात होतो. खोटं कशाला सांगू? माझ्यावर कुणी साहेब नव्हता. भूक लागली तर माझी, ऊन लागलं तर माझं. आणि सगळीकडं रोवण्याचंच गाणं मागायचे. बाया विचारायच्या, "बाप्या माणूस असून तुमाले पान्ह्याचं कसं कळलं, भाऊ?" मी मान खाली घालायचो, आणि ते त्यांना विनय वाटायचा. पुढं एका छोट्या वर्तमानपत्रात छापून आलं की हा कवी बाईच्या काळजात शिरून लिहितो. ते कात्रण मी अनेक वर्षं पाकिटात ठेवत होतो.

चामोर्शीचा बाजार मी टाळत होतो, कारण ते वहिनीचं माहेर. पण सगळ्यांत मोठा बाजारही तोच. त्या आठवड्यात ती आमच्या घरीच असेल असं धरून मी गेलो. गाणं अर्ध्यावर आलं होतं. समोर सुक्या झिंग्यांच्या राशीपुढं चार बाया वाकून भाव करत होत्या. त्यातली एक सरळ उभी राहिली आणि भोंग्याकडं बघू लागली. ती वहिनी होती. हातात पिशवी, पिशवीतून मुंगन्याच्या शेंगा बाहेर आलेल्या. तिनं मला पाहिलं नव्हतं. आधी तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी दुसऱ्या कुणाच्याही चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. बायकोच्या नाही, पोरं झाली तेव्हाही नाही. तिनं शेजारणीचं मनगट धरलं. आइक, आइक, असं काहीतरी म्हणाली असेल. मला टेप बंद करता आला असता. कळ माझ्या हाताखाली होती. मी बंद केला नाही. बंद केला असता तर लोकांनी विचारलं असतं, काऊन बंद केला.

नावाचं कडवं आलं आणि गेलं. वहिनी तशीच उभी, मनगट धरलेलंच. शेजारीण मात्र गप्प बसणारी नव्हती. ती तानाबाई, वहिनीची लहानपणापासूनची मैत्रीण, रोवण्याच्या मजुरीला आमच्या गावीही यायची. ती माणसांतून वाट काढत माझ्या सायकलीपाशी आली.

"काय जी भाऊजी, हे मनोहर कोण होय?"

मी म्हणालो, "मीच."

"तुमीच? अन् हे गाणं? आमच्या रांगेत अनुसयानं केलं तवा तुमी कुठी होते? धुऱ्यावर हागाले बसले होते?" लोक हसले. "गाणं का बैल होय जी, डाग देऊन आपला केला?"

आता सगळे माझ्याकडं बघत होते. कॅसेट घ्यायला हात पुढं केलेल्या एका माणसानं तो मागं घेतला. तेवढ्यात वहिनी आली. तिनं तानाबाईचा दंड धरून तिला मागं ओढलं.

"उगी राय ना व ताने. काहीबाही बोलते."

"काहीबाही? तुयं गाणं नाई काय हे?"

वहिनी माझ्याकडं बघत नव्हती. भोंग्याकडं बघत होती. म्हणाली, "नाई व. त्याहिचंच हाय. मीच त्याहिच्याकडून शिकली होती."

तानाबाई पच्‌कन थुंकून निघून गेली. ज्यानं हात मागं घेतला होता त्यानं कॅसेट घेतली. वहिनीनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, "जेवले काय, भाऊजी? किती वाळून गेले. दादा वाट पाहून राह्यले तुमची, घरी या." मी काहीतरी पुटपुटलो. ती झिंगेवालीकडं परत गेली आणि राहिलेला भाव करू लागली.

कुणी म्हणेल, तिनं माफ केलं. बायको हेच म्हणायची. मला हे ऐकून घ्यायचं नाही. तिनं मला वाचवलं. भर बाजारात दिराची अब्रू जाऊ नये म्हणून तिच्यापाशी स्वतःचं म्हणावं असं जे एकच होतं ते तिनं देऊन टाकलं, आणि मी ते घेतलं, दुसऱ्यांदा.

त्या वर्षी रोवण्याला मी घरी होतो. दादा बोलू लागला होता, उलट डेपोवर सगळ्यांना माझी कॅसेट ऐकवत होता. मी पऱ्ह्यांच्या जुड्या वाहत होतो. रांगेत गावात नवीन आलेल्या दोन-तीन सुना होत्या. कुणीतरी म्हणालं, ते गाणं म्हणा. वहिनीनं पहिली ओळ टाकली, रांगेनं झेलली. पान्ह्याचं कडवं झालं. मग ती सवयीनं म्हणाली, "म्हणे अनु..." आणि उरलेली सगळी रांग एका आवाजात म्हणाली, म्हणे मनोहर. त्या नव्या सुनांपैकी एक वाकल्या वाकल्याच हसली. "मावशी, चुकलं तुमचं. कॅसेटमंदी मनोहर हाय."

वहिनीनं हातातला पऱ्हा चिखलात रोवला. "हो व माय," ती म्हणाली, "चुकलं माह्यं."

मी दहा पावलांवर जुडी घेऊन उभा होतो. तेव्हा एक शब्द पुरला असता. तिथं ना मालक होता, ना गिऱ्हाईक, ना खर्रावाला. आपल्याच बांधीत, आपल्याच बाया. मी जुडी खाली ठेवली आणि दुसरी आणायला गेलो. मूलच्या मांडवात त्या पोरानं माझ्या कानात दुरुस्ती सांगितली तेव्हा कळलं, त्या दिवशी तिला काय वाटलं असेल. माझ्या भोवती निदान शाल होती.

त्यानंतर मी अठरा कॅसेटी काढल्या, पुढं सीडी, आता मोबाइलवर पोरं टाकतात. पुढची गाणी माझीच आहेत. त्यातली काही चांगली आहेत. त्यांच्यावर कुणी संशय घेतला तर मी भांडायला तयार आहे. पण ज्या गाण्यानं मला मनोहर केलं ते अनुसयाबाईंचं, शब्दांसकट आणि चालीसकट. ज्यांच्याकडं जुनी कॅसेट असेल त्यांनी कव्हरवर पेनानं लिहून घ्यावं. मोबाइलवरच्या पोरांना मी सांगितलं आहे. ते म्हणतात, आजोबा, आता बदललं तर लोक गोंधळतील. गोंधळू द्या.

दादा गेल्यावर वहिनी सुनंदाकडं चामोर्शीला राहायला गेली. मी दोन वर्षं जातो जातो म्हणत होतो. शेवटी एका सकाळी बसनं गेलो. वाटेत एक वाक्य पाठ करत होतो, गाणं पाठ करतात तसं. त्यानंतर चार महिन्यांनी वहिनी गेली, म्हणजे ती आमची शेवटची भेट.

सुनंदाचं घर बाजारगल्लीत, दार रस्त्यावरच. वहिनी ओसरीवर बसून सुपात तांदूळ निवडत होती. केस पांढरे, पाठ वाकलेली, पण बोटं तशीच झरझर. मला पाहून तिला इतका आनंद झाला की सूप कलंडलं. सुनंदा कामावर निघाली होती. जाता जाता सांगून गेली, "काका, मायले आता आइकू नाई येत. जोऱ्यानं बोला." मी वहिनीजवळ बसलो. समोरच्या ओट्यावर दोन बाया लसूण सोलत होत्या. पानठेल्यावर चार-पाच माणसं होती, आणि त्यातल्या दोघांनी मला ओळखून हात जोडले होते. मी वहिनीकडं वळलो आणि ते वाक्य म्हणालो. वहिनी, गाणं तुमचं होतं, नाव म्या चोरलं, मले माफ करा.

तिनं कानामागं हात धरला. "काय म्हणता, भाऊजी?"

मी थोडं मोठ्यानं म्हणालो. ती हसत पुढं झुकली, कान माझ्या तोंडापाशी आणला. "जोऱ्यानं बोला ना जी. तुमचा आवाज तं साऱ्या मुलखाले आइकू जाते."

ओट्यावरच्या बायांचे हात थांबले. पानठेल्यावरची माणसं बघू लागली, कौतुकानं, की आता काका काय बोलतात. मी छाती भरून श्वास घेतला. वाक्य तोंडात तयार होतं, पहिला शब्दही बाहेर आला, "वहिनी..." तिनं मान डोलवली. सगळी गल्ली ऐकत होती.

"पाणी!" मी ओरडलो. "पाणी द्या म्हणलो, वहिनी!"

"हो, हो, आणतो ना," असं म्हणत ती गुडघ्यावर हात टेकून उठली.